रोझी लार्सनला कुणी मारलं आणि आमच्या बरणीतल्या सहा चिठ्ठ्या

आधीच सांगतो, पुढे सगळं फोडलेलं आहे, ज्यांना द किलिंग ही अमेरिकन सिरीज बघायची आहे त्यांनी इथेच थांबा आणि आधी दोन सीझन बघून या. दोन म्हणतोय, एक नाही, कारण या सगळ्या प्रकरणाची गोम तिथेच आहे.

तर झालं असं की पावसाळ्यात रविवारी संध्याकाळी आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटमध्ये सहा जण जमायचे. मी, ही, सातपूरला कंपनीत असलेला भाचा, वरच्या मजल्यावरचे काका (कोर्टात स्टेनो म्हणून आयुष्य काढलं, आता रिटायर), शेजारच्या वहिनी ज्या शाळेत शिकवतात, आणि पिंपळगावहून मामा, ते बाजार समितीचं काम काढून शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे निघायचे. भाच्याने ही सिरीज शोधून आणली. मला म्हणाला, मामा, एकच खून, तेरा एपिसोड, एक एपिसोड म्हणजे तपासाचा एक दिवस, शेवटी कळतं कुणी मारलं. हे शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं होतं हे नंतर कळलं, पण त्याचाही दोष नाही, २०११ साली अमेरिकेत ज्यांनी ही बघितली त्यांचाही हाच समज होता.

थोडं मागचं सांगतो. मूळ सिरीज डेन्मार्कची, फोरब्रुडेल्सन, २००७ ची, कोपनहेगनमधली, एक मुलीचा खून आणि वीस एपिसोड. त्यावरून वीणा सूद या भारतीय वंशाच्या लेखिकेने अमेरिकन रूप केलं, चॅनल एएमसी, म्हंजे ज्यांच्याकडे तेव्हा मॅड मेन आणि ब्रेकिंग बॅड चालू होतं, त्यामुळे लोक आधीच विश्वास टाकून बसलेले. ३ एप्रिल २०११ ला सुरू झाली. गोष्ट सिएटलची, सतत पाऊस, राखाडी आभाळ, सगळे ओले जॅकेट घालून फिरतायत. रोझी लार्सन नावाची शाळकरी मुलगी गायब होते आणि तिचा मृतदेह तळ्यात बुडालेल्या गाडीच्या डिकीत सापडतो, आणि ती गाडी असते महापौरपदाला उभ्या राहिलेल्या डॅरेन रिचमंडच्या प्रचाराची. तपास करणारी सारा लिंडन, जिचा त्या दिवशी नोकरीतला शेवटचा दिवस आहे, लग्न करून कॅलिफोर्नियाला जायचंय, आणि तिच्या जागी आलेला स्टीफन होल्डर, हुडी घालून फिरणारा, बोलायला वाह्यात पण पोरगा गुणी वाटावा असा. आणि पोस्टरवर, जाहिरातीत सगळीकडे एकच प्रश्न: रोझी लार्सनला कुणी मारलं?

पहिले तीन एपिसोड आम्ही एका बैठकीत बघितले. मामांसारखा माणूस, ज्यांना टीव्ही म्हंजे बाजारभाव आणि हवामान, ते सुद्धा चहा गार होईपर्यंत बघत बसले. त्याचं कारण खून नव्हतं, लार्सनचं घर होतं. बाप स्टॅन, घरसामान हलवायच्या ट्रकचा धंदा, आई मिच, दोन लहान पोरं. मुलगी गेल्यावर त्या स्वयंपाकघरात जे होतं ते आपल्याकडच्या सिरियलमध्ये कधी दिसत नाही, तिथे कुणी छाती बडवत नाही, भांडी घासायची तशीच पडून राहतात, आई बाथटबमध्ये श्वास रोखून बघते की बुडताना पोरीला कसं वाटलं असेल. वहिनी उठून आत गेल्या तेव्हा. मिचचं काम केलेली मिशेल फोर्ब्स आणि लिंडनचं काम केलेली मिरेल इनोस, दोघींनाही त्या वर्षी एमी पुरस्काराचं नामांकन होतं, आणि ते वाजवीच होतं.

मग मधल्या एपिसोडांत गाडी अडकायला लागली. मधला प्रकार असा, की दर एपिसोडच्या शेवटी एका नवीन माणसाकडे बोट जायचं, आणि पुढच्या एपिसोडमध्ये ते बोट हळूच काढून घ्यायचे. आधी श्रीमंत घरचा जुना बॉयफ्रेंड, मग शाळेतला शिक्षक बेनेट, मग स्टॅनचा मदतनीस बेल्को, मग परत उमेदवार. मामा म्हणाले हे लासलगावच्या लिलावासारखं चाललंय, एका ट्रॉलीवर बोली सुटली की पुढच्या ट्रॉलीवर चढायचं, मागच्या मालाकडे कोण बघतो. शिक्षकाचं तर फारच वाईट, बाप त्याला मरणाच्या दारापर्यंत मारतो आणि मग कळतं की त्याचा संबंधच नव्हता. आता यात वाईट असं काही नाही, चुकीच्या संशयाची किंमत दाखवणं ही मोठी गोष्ट आहे, पण संशय सहा वेळा चुकला की बघणारा संशय घेणंच सोडून देतो, आणि रहस्यकथा बघणाऱ्याने संशय घेणं सोडलं की मग तो नुसता पाऊस बघतोय.

अकरावा एपिसोड मात्र वेगळा. त्यात खुनाचा तपास जवळपास थांबलेला, लिंडनचा मुलगा दिवसभर सापडत नाही आणि ती आणि होल्डर गाडीतून त्याला शोधत फिरतात, बस. संपूर्ण सीझनमधला माझ्या मते सगळ्यात चांगला एपिसोड. पण शेवटून तिसरा! ही म्हणाली की लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी म्हणावा की आज मी तुम्हाला फक्त गाणं म्हणून दाखवतो, गाणं छानच आहे, पण पंगत उद्या आहे ना बाबा.

त्याच्याही आधी, दहाव्या एपिसोडनंतर, आम्ही चिठ्ठ्या टाकल्या होत्या. प्रत्येकाने खुन्याचं नाव लिहायचं, घडी घालायची, चिवड्याच्या रिकाम्या बरणीत टाकायची, फिनालेच्या, म्हंजे शेवटच्या एपिसोडच्या रात्री उघडायची. ज्याचं बरोबर त्याला बाकीच्या पाच जणांनी मिसळ खिलवायची, मखमलाबाद रोडच्या बाजूला, मळ्यात बसून, पापड आणि दही वेगळं. बरणी फ्रीजवर ठेवली.

फिनालेचा रविवार श्रावणातला होता, आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं. नाशिकमध्ये पूर आला की क्युसेकचे आकडे पेपरात येतात पण ते कुणी लक्षात ठेवत नाही, माणसं एकच विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत? गुडघ्याला, कमरेला, छातीला. गोदावरीच्या पात्रातली ही मूर्ती जागची हलत नाही म्हणून पाण्याची उंची कळते. आम्ही पण होळकर पुलावर जाऊन, गर्दीत छत्र्यांचे तुरे डोळ्यात घेऊन, कमरेच्या वर आहे हे बघून आलो आणि मग भिजल्या कपड्यांनीच टीव्ही लावला. हे मी उगाच सांगत नाहीये, पुढे कामाला येणार आहे.

आता फिनालेत काय होतं ते नीट सांगतो. पुरावे उमेदवार रिचमंडकडे वळलेले असतात. मग होल्डर एक फोटो आणतो, टोल पुलावरच्या कॅमेऱ्याचा, त्यात त्या रात्री ती गाडी चालवताना रिचमंड दिसतो. झालं, अटक. भाचा सोफ्यावर उभा राहिला. त्याच्या चिठ्ठीत रिचमंडच होता, त्याने स्वतःच जाहीर केलं, मिसळीची वेळ पण ठरवायला लागला. घड्याळात बघितलं तर अजून बरेच मिनिटं बाकी. काका एवढंच म्हणाले, "फोटो कोणी काढला? पासष्ट बी चं सर्टिफिकेट कुठाय?"

सगळे हसले. पण काका गंभीर होते. आपल्याकडे कॅमेऱ्यातलं किंवा कॉम्प्युटरमधलं काही कोर्टात द्यायचं तर ते कुठल्या यंत्रातून आलं, यंत्र नीट चालू होतं का, याचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ६५ ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ६३ झालं, आणि ते बंधनकारकच आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ठासून सांगितलं ते आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये. सिएटलला अर्थातच आपला कायदा लागत नाही. पण काकांनी जो प्रश्न विचारला, यंत्र चालू होतं का, तोच प्रश्न सिरीजने पाच मिनिटांनी स्वतःला विचारला.

लिंडन मुलाला घेऊन विमानात बसलीये, अखेर निघाली, आणि फोन येतो. मागवलेले फोटो पाठवता येणार नाहीत, त्या पुलावरचे कॅमेरे बंद आहेत. म्हणजे फोटो बनावट. म्हणजे होल्डर. आणि लगेच दिसतं होल्डर एका गाडीत बसतोय, आत बसलेल्या कुणाला तरी सांगतोय की फोटोचं काम झालं. आणि तिकडे बेल्को पिस्तूल घेऊन गर्दीतून रिचमंडकडे चाललाय. पडदा काळा. नावं वर सरकायला लागली.

आमच्या हॉलमध्ये कुणीच बोललं नाही. भाचा अजून उभाच. मग मामा म्हणाले, "मंग? मारलं कोणी?"

भाच्याने फोनवर बघून सांगितलं की ते पुढच्या सीझनमध्ये आहे.

मामांनी टॉवेल उचलला, डोकं पुसलं आणि जे म्हणाले ते मी तसंच लिहितो. "व्यापारी असाच करतो. बागेत येतो, घड हातात घेऊन बघतो, गोड बोलतो, भाव फोडतो, माल उचलतो. पैशाच्या दिवशी फोन लावला तर म्हणतो पुढच्या सीझनला बघू." द्राक्षवाल्या माणसाच्या तोंडी सीझन हा शब्द ऐकून बाकीच्यांना हसू आलं, मामांना नाही आलं, त्यांचं एका वर्षीचं खरंच अडकलंय.

मग भांडण सुरू झालं ते दोन गोष्टींवर. एक, भाचा जिंकला का? अटक तर रिचमंडलाच झाली. काकांनी सांगितलं निकाल राखून ठेवण्यात येत आहे, बरणी सील. दोन, शेवट वाईट होता का? भाचा म्हणे तुम्हाला सगळं चमच्याने भरवलेलं लागतं, सीआयडीची सवय, दरवाजा तोडला की खुनी हजर, जगात सगळीकडे ओपन एंडिंग असतं. यावर त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही, नंतर बराच विचार केला, ते आता देतो.

ओपन एंडिंगमध्ये प्रश्न बघणाऱ्याच्या घरी राहतो. तो माझा होतो, मी तो घेऊन झोपतो, मला वाटेल तसं उत्तर लावतो, लेखक परत येऊन मला खोटं पाडत नाही. इथे तसं नव्हतं. इथे उत्तर होतं, चॅनलच्या कपाटात होतं, आणि पुढच्या वर्षीचं भांडवल म्हणून राखून ठेवलेलं होतं. हा उधारीचा मामला आहे, आणि उधारीलाही ना नाही हो, आपण सगळेच उधारीवर जगतो, पण उधारी आहे हे माल उचलताना सांगायचं असतं. तेरा एपिसोड कुणी मारलं, कुणी मारलं अशी पोस्टरं लावून शेवटच्या रात्री सांगितलं की हा पहिला हप्ता होता. चॅनलच्या लोकांनीही नंतर हे कबूल केलं की प्रेक्षकांच्या अपेक्षा आम्ही नीट सांभाळल्या नाहीत, आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी खुनी नक्की सांगू असं जाहीर करावं लागलं. आता कुठली मालिका शेवट सांगू असं आधीच लिहून देते सांगा, अॅडव्हान्स घेऊन पळालेल्या सुताराने स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावं तसं.

आणि यांना माहीत नव्हतं असंही नाही. १९९० मध्ये ट्विन पीक्स या अमेरिकन सिरीजचं हेच झालं होतं, लॉरा पामरला कुणी मारलं, पहिल्या सीझनला सांगितलं नाही, दुसऱ्यात चॅनलच्या दबावाखाली सांगितलं आणि मग बघणारे गळायला लागले. एकवीस वर्षांनी तीच वाट, पोस्टरवर जवळपास तोच प्रश्न.

पण माझ्या मते खुनी न सांगणं हा खरा गुन्हा नाहीच. हा माझा मुद्दा आहे आणि घरात यावर माझ्या बाजूला फक्त काका आहेत. डेन्मार्कच्या सिरीजलाही वीस एपिसोड लागले. आपली देवमाणूस घ्या, त्यात खुनी पहिल्यापासून माहीत, डॉक्टरच आहे, प्रश्न पकडणार कधी एवढाच, तरी गावंच्या गावं बघत होती. म्हणजे कोण हे कळणं न कळणं यावर सगळं अडलेलं नसतं. घाव बसला तो होल्डरमुळे.

दुतोंड्या मारुती आठवा. पाणी मोजायला काहीतरी न हलणारं लागतं. तेरा एपिसोड सगळे खोटं बोलत होते, उमेदवार, त्याची माणसं, बॉयफ्रेंड, शिक्षक, बाप, मावशी, सगळे. आम्ही कुणाच्या भरवशावर खरं-खोटं ठरवत होतो? लिंडन आणि होल्डर. हे दोघं चुकतील, पण फसवणार नाहीत, हे गृहीत धरून आम्ही पाणी कुठवर आलं ते बघत होतो. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी मारुतीच उचलून पुलाच्या पलीकडे नेऊन ठेवला. आता मागची सगळी मोजणी बाद. होल्डरने आणलेला आधीचा पुरावा खरा होता का? तो लिंडनच्या मुलाला शोधत फिरला ते नाटक होतं का? हे प्रश्न रहस्य वाढवत नाहीत, ते मागचे बारा एपिसोड रद्द करतात. आणि ते सुद्धा कशासाठी, तर पुढच्या सीझनमध्ये कळतं की होल्डरही दुसऱ्याच्या हातातलं प्यादं होता, बिचाऱ्यालाच फसवलेलं. म्हणजे धक्का पण खरा नाही. एका रात्रीच्या टाळीसाठी माणूस वाईट केला आणि सुट्टीनंतर परत चांगला केला.

फिनालेत एक गोष्ट मात्र फार खरी होती आणि त्या गोंधळात ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. मिच घर सोडून जाते. नवऱ्याला सांगते मला इथे राहता येत नाही, आणि जाते, पोरांना टाकून. शेवट तिथे करता आला असता. रिचमंडला अटक, पुरावा डळमळीत, लिंडनच्या मनात शंका, आणि इकडे न्याय मिळाला असं टीव्हीवर चालू असताना आई पायऱ्या उतरतेय. खुन्याचं नाव नसतं तरी चाललं असतं, निदान मला.

वहिनींनी तेवढं पकडलं होतं. त्या रात्री चपला घालताना म्हणाल्या, "आई गेली, आता पोरांपाशी मावशीच राहिली ना?" आम्ही बोली लावण्यात गुंग होतो, कुणी उत्तर दिलं नाही.

पुढचं भराभर. अमेरिकेत दुसरा सीझन १ एप्रिल २०१२ ला आला, पहिल्या वेळी सुमारे २७ लाख लोकांनी सुरुवात बघितली होती, आता सुमारे १८ लाख. १७ जून २०१२ ला खुनी कळला, म्हणजे पहिल्या फिनालेनंतर दोन दिवस कमी एक वर्ष, आणि एका खुनाला सव्वीस एपिसोड, डेन्मार्कपेक्षा सहा जास्त. जुलैमध्ये सिरीज बंद केली. मग परत उठवली, २०१३ मध्ये तिसरा सीझन नवीन केस घेऊन आला, परत बंद, आणि २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने सहा एपिसोडचा चौथा करून एकदाचं संपवलं. तिसऱ्या सीझनमधलं काम खूप जणांना पहिल्यापेक्षा आवडलं, मलाही, पण बघायला किती जण उरले होते तो वेगळा विषय.

आमच्याकडे दुसरा सीझन बघायला सव्वा वर्ष गेलं. मामांनी सांगून टाकलं मी येणार नाही, आणि आले नाहीत, रविवारी यायचे ते पण कमी झालं. वहिनींच्या यजमानांची बदली पुण्याला झाली. ही म्हणाली तुम्ही बघा आणि मला नाव सांगा. उरलो मी, भाचा आणि काका. तिघांनी बघितला, आणि खरं सांगायचं तर शेवट चांगला आहे, फार चांगला. उमेदवाराचा माणूस जेमी, कसिनोत चाललेली एक बैठक रोझीच्या कानावर पडली म्हणून तिला बेदम मारतो आणि डिकीत घालतो, पण ती जिवंत असते. गाडी तळ्यात ढकलणारी व्यक्ती दुसरीच. टेरी. मावशी. डिकीत कुणीतरी मुलगी आहे एवढंच तिला माहीत, आपलीच भाची आहे हे माहीत नाही, ज्या माणसाबरोबर नवीन आयुष्य मांडायचं होतं तो आता मागे फिरेल म्हणून घाईघाईत गिअर टाकते. काका चष्मा काढून बसले. हेच जर वर्षभर आधी आलं असतं, सहा जण हॉलमध्ये असताना, बाहेर पाणी कमरेच्या वर असताना.

बरणी काढली. तळाला तेल होतं, चिठ्ठ्या पारदर्शक झालेल्या. माझी बेल्को. हिची लिंडनचा होणारा नवरा, का ते तिला पण सांगता आलं नाही. भाच्याची रिचमंड, त्याने ती लगेच फाडली. मामांची नुसतं "बाप". काकांची, सुंदर टायपिस्ट अक्षरात, "उपलब्ध पुराव्यावरून नाव देता येत नाही". आणि वहिनींची, निळ्या शाईत, शाळेच्या वहीचा कोपरा फाडून लिहिलेली: मावशी.

मी त्या चिठ्ठीचा फोटो काढला, वहिनींना पाठवला, खाली लिहिलं अभिनंदन, मिसळ लागू. अर्ध्या तासाने निळी टिक आली. मग उत्तर आलं.

"कोण मावशी? बरं आहे ना सगळं?"